‘सोडून’ की ‘सकट’? एका शब्दाने फिरलेला निर्णय

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जातो, त्यांच्यासाठी ही लिखित प्रत.

हुशार दिसायला सगळ्यांनाच आवडतं, असं आपण धरून चालतो. म्हणून तर टॉपर्सचे फोटो फ्लेक्सवर झळकतात. पण लिओनार्डो बर्स्टिन आणि रॉबर्ट जेन्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे खरंच तपासून पाहिलं. त्यांचा पेपर 2015 मध्ये आला.

प्रयोग लॉस एंजेलिसच्या हायस्कूलमधला. अकरावीच्या मुलांना एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेच्या तयारीचा ऑनलाइन कोर्स फुकट देऊ केला. वर्गात फॉर्म वाटले. काही फॉर्मवर लिहिलं होतं की तुमचा निर्णय वर्गातली मुलं सोडून कुणालाही कळणार नाही. बाकीच्यांवर होतं, वर्गातल्या मुलांसकट कुणालाही कळणार नाही. फरक फक्त ‘सोडून’ आणि ‘सकट’ एवढाच. कुणाला कुठला फॉर्म मिळणार, हे नशिबावर.

साध्या वर्गांत, निर्णय इतरांना कळणार असेल तर दर 100 मागे 11 मुलं कमी तयार झाली. फुकटचा कोर्स, तरी नको! ऑनर्सच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या वर्गांत मात्र फरक पडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, ती मुलंच वेगळी असतील. इथेच खरी गंमत आहे. तिथे एकच मुलगा काही विषय ऑनर्सला घेतो, काही साध्या वर्गात. अशा मुलांना साध्या वर्गात उघड विचारलं, तर दर 100 मागे 15 कमी तयार झाले. ऑनर्सच्या वर्गात उघड विचारलं, तर 8 जास्त! मुलं त्याच प्रकारची, कोर्स तोच. बदलले ते फक्त बघणारे.

म्हणजे ‘याला अभ्यासाची आवडच नाही’ हा निष्कर्ष आपण फार पटकन काढतो. कदाचित त्याला कोर्स हवाय, पण चारचौघांत ‘हवाय’ म्हणणं महाग पडतंय.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला जास्त टोचलं ते त्याच दोघांचं दुसरं निरीक्षण. हायस्कूलच्या एका कॉम्प्युटरवरच्या रेमेडियल कोर्समध्ये लीडरबोर्ड आणला गेला. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्यांची नावं सगळ्यांना दिसू लागली. स्पर्धा वाढेल, मुलं जोर लावतील असं वाटतं ना? कामगिरी 24 टक्क्यांनी घसरली. आधी पुढे असलेल्यांची तर सुमारे 40 टक्क्यांनी! यादीत नाव येण्याचा धोका त्यांनाच होता ना. मागच्या मुलांची किंचित सुधारली.

ॲप बनवताना आम्ही लीडरबोर्ड सहज टाकून देतो. जिथे पुढे असणं मानाचं आहे तिथे तो चालेलही. जिथे पुढे जाणाऱ्याची टिंगल होते, तिथे तोच लीडरबोर्ड लोकांना मागे ओढतो. म्हणून माझं मत: नाव दाखवायचं की नाही, हे वापरणाऱ्याला ठरवू द्या. सुरुवातीला सेटिंग ‘लपवा’ असंच असू द्या.

आणि तुमच्यासाठी एक काम. पुढच्या वेळी ग्रुपवर एखाद्या कोर्सची लिंक आली आणि तुम्ही ‘नको रे’ टाइप करायला लागलात, तर दोन सेकंद थांबा. हे कुणालाच दिसणार नसतं, तर उत्तर काय दिलं असतं? ते वेगळं असेल, तर गुपचूप फॉर्म भरून टाका.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!