पन्नास टक्के आले कोठून?

अभियांत्रिकीच्या व वैद्यकीयच्या प्रवेशयाद्या लागल्या की आपल्या कॅन्टीनमध्ये दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'पन्नास टक्क्यांची मर्यादा घटनेतच आहे' हे पहिले आणि 'उरलेल्या जागा आमच्या' हे दुसरे. दोन्ही आत्मविश्वासाने बोलली जातात; दोन्ही चूक आहेत.

राखीव प्रवेशांचा आधार असलेल्या १५ (४) कलमात टक्केवारीचा आकडाच नाही. मुळात ते कलमही नव्हते. मद्रास राज्यात जातवार जागा वाटून देणारा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द ठरवला, आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने हे कलम आले. मागासलेल्या वर्गांसाठी व अनुसूचित जाती-जमातींसाठी खास तरतूद करण्याची मुभा राज्यांना मिळाली. किती करावी, हे लिहिले गेले नाही.

आकडा आला तो आपल्याच राज्यातून. १९५६ पासून बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात होता. त्या सरकारने ३१ जुलै १९६२ रोजी अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांसाठी हुकूम काढला : मागास २८ टक्के, अतिमागास २२, अनुसूचित जाती १५, जमाती ३. एकूण ६८, खुल्या स्पर्धेला उरले ३२. बालाजी आणि इतर काही विद्यार्थी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दोन महिन्यांच्या आत निकाल लागला. तो लिहिला न्या. गजेंद्रगडकर यांनी. जन्माने सातारचे, पण कॉलेजची पहिली वर्षे धारवाडला काढलेले.

निकालातला खरा वाद टक्क्यांपेक्षा 'मागास कोण' याचा आहे, आणि तोच भाग कोणी वाचत नाही. माध्यमिक शाळेच्या शेवटच्या तीन इयत्तांत प्रत्येक समाजाची दर हजारी किती मुले आहेत, हे माप सरकारने धरले होते. राज्याची सरासरी ६.९ होती. हजारी ७.१ असलेला एक मोठा समाजही मागास यादीत होता. (नाव लिहीत नाही, वसतिगृहात भांडण नको.) न्यायालय म्हणाले, केवळ सरासरीच्या आसपास किंवा थोडे खाली म्हणजे मागास नव्हे. जात विचारात घ्या, पण तीच एकमेव कसोटी नको. दारिद्र्य, धंदा, राहण्याचे ठिकाण हेही पाहा. टक्क्यांबद्दल मात्र ढोबळ मानाने इतकेच म्हटले, की प्रमाण ५० च्या आत असावे. नेमके किती, ते परिस्थितीवर.

हे 'ढोबळ मानाने' पुढे गळून पडले आणि आकडा तेवढा राहिला. १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी त्याला नियमाचे रूप दिले, तरी असामान्य परिस्थितीचा अपवाद ठेवलाच. मागास व अतिमागास असे गट पाडणे बालाजी निकालाने नाकारले होते. तेही या वेळी मान्य झाले. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बलांना १० टक्के दिले, आणि २०२२ साली ते तीन विरुद्ध दोन मतांनी टिकले. त्याच वर्षी कर्नाटकाने अनुसूचित जातींचे प्रमाण १५ वरून १७ व जमातींचे ३ वरून ७ केले. मागास वर्गांचे ३२ धरून बेरीज ५६ झाली.

आता दुसरे वाक्य. खुल्या जागा कोणाच्याच राखीव नाहीत. शंभर जागांतल्या ५० खुल्या असतील तर पहिले पन्नास गुणानुक्रम त्या घेतात, मग त्यांत कोणीही असो. त्यात अनुसूचित जातीची मुलगी विसावी आली तर ती खुल्या जागेवर बसते. तिच्या वर्गाची एकही जागा त्यामुळे कमी होत नाही. अशा विद्यार्थ्याला आपल्या वर्गाच्या सवलतीने अधिक चांगले महाविद्यालय मिळत असेल, तर ते त्याला निवडू द्यावे आणि तरीही त्याची गणना खुल्यातच करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशांच्या खटल्यात सांगितले. गुणवान म्हणून त्याचे नुकसान का व्हावे?

हिशेब एवढाच आहे. तरी पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेत नव्या मुलीला आडनाव ऐकून विचारले जाते, "कुठल्या कोट्यातून?" आणि विसावी आलेली ती गप्प राहते, कारण यादी कशी लागते हे तिलाही कोणी समजावून दिलेले नसते.