उत्स्फूर्त वातवक्ष

छातीला इजा झालेली नसताना फुप्फुसातील हवा परिफुप्फुस गुहेत शिरून फुप्फुस अंशतः वा पूर्णतः आकसणे, या विकाराला उत्स्फूर्त वातवक्ष असे म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात तो न्यूमोथोरॅक्स या नावाने ओळखला जातो. ही संज्ञा फ्रेंच वैद्य झाँ इतार यांनी १८०३ मध्ये योजली.

कारणे व प्रकार

फुप्फुसावरील आणि छातीच्या आतील अशा दोन आवरणांमधील गुहेत दाब वातावरणापेक्षा कमी असतो; त्यामुळे फुप्फुस प्रसरण पावलेले राहते. हवा शिरताच हा दाब नाहीसा होतो आणि फुप्फुस आकसते. फुप्फुसाचा ज्ञात रोग नसताना होणाऱ्या वातवक्षास प्राथमिक म्हणतात. तो मुख्यतः उंच, सडपातळ तरुण पुरुषांत आढळतो. धूम्रपानाने धोका बराच वाढतो. क्षयरोग, दीर्घकालीन श्वसनमार्ग अवरोध इत्यादी रोगांमुळे होणारा दुय्यम प्रकार अधिक गंभीर असतो.

लक्षणे व निदान

एका बाजूस अचानक छातीत दुखणे व धाप लागणे ही प्रमुख लक्षणे होत. निदान सामान्यतः छातीच्या क्ष-किरण चित्राने होते. गुहेत हवा सतत साठून दाब वाढत गेल्यास रक्तदाब घसरतो. अशा ताणयुक्त वातवक्षात क्ष-किरण चित्राची वाट न पाहता हवा तत्काळ बाहेर काढावी लागते.

उपचार

पूर्वी उपचार मुख्यत्वे साठलेल्या हवेच्या प्रमाणावरून ठरत. आता रुग्णाच्या त्रासास अधिक महत्त्व दिले जाते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ३१६ रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम ते मोठा प्राथमिक वातवक्ष असलेल्या रुग्णांपैकी एका गटाला केवळ निरीक्षणाखाली ठेवले होते. त्या गटातील सुमारे ८५ टक्के रुग्णांना हवा काढण्याची गरज पडली नाही.

त्रास अधिक असल्यास सुईने हवा शोषून घेतात किंवा फासळ्यांमधून नळी घालतात. नळीचे दुसरे टोक बाटलीतील पाण्याखाली असते. त्यामुळे हवा बाहेर पडते, परंतु आत परतत नाही. पाण्यात बुडबुडे येत असेपर्यंत गळती चालू आहे असे समजतात. अशा वेळी नळी चिमट्याने बंद करत नाहीत. बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली ठेवतात. गळती न थांबल्यास किंवा विकार पुन्हा उद्भवल्यास दुर्बिणीच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करून फुप्फुसावरील हवेचे फोड काढतात व दोन्ही आवरणे एकमेकांस चिकटवतात.

पूर्ववत होणे व पुनरावृत्ती

गळती थांबल्यावर उरलेली हवा शरीरात हळूहळू शोषली जाते; मोठ्या वातवक्षात यास काही आठवडे लागतात. वेदना थांबणे म्हणजे फुप्फुस पूर्ण प्रसरण पावणे नव्हे. म्हणून क्ष-किरण तपासणी पुन्हा करतात. पूर्ण प्रसरणाची खात्री होईपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो, कारण उंचीवर हवेचा दाब कमी झाल्याने गुहेतील हवेचे आकारमान वाढते. खात्रीनंतरही साधारणतः ७ दिवस थांबण्याचा सल्ला दिला जातो. दोन्ही बाजूंची प्रतिबंधक शस्त्रक्रिया झाली नसल्यास श्वसनयंत्रासह पाण्याखाली पोहणे कायमचे टाळावे लागते.

प्राथमिक वातवक्ष सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत पुन्हा होतो आणि हा धोका पहिल्या वर्षी सर्वाधिक असतो. धूम्रपान सोडल्याने तो कमी होतो. बरे झालेल्या रुग्णास पुन्हा छातीत दुखू लागल्यास किंवा धाप लागल्यास त्वरित रुग्णालयात जाणे आवश्यक असते.