प्लास्टर निघाल्यानंतर : अस्थिभग्नाच्या रुग्णाचे म्हणणे

अस्थिभग्नाचा वृद्ध रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा प्लास्टर निघाल्यानंतर. हाड जुळलेले असते. शूल, शोथ व स्तंभ शिल्लक असतात. आपण तैल, स्वेदन, लाक्षादि गुग्गुळ यांची योजना करतो, वेदना शमते आणि चिकित्सा संपते. आम्हीही अनेक वर्षे असेच करीत आलो. ही चिकित्सा अपुरी आहे, हे आम्हांस एका रुग्णेने शिकविले.

६३ वर्षांच्या या बाई देवळातून परतताना उंबऱ्याला अडखळून पडल्या व त्यांचे उजवे मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. बोटे आखडली होती म्हणून त्या आमच्याकडे आल्या. दोन महिन्यांत त्या पुन्हा भाकरी थापू लागल्या आणि आम्ही समाधान मानले. दोन वर्षांनी रात्री न्हाणीघराकडे जाताना त्या पुन्हा पडल्या. या वेळी खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर भेटावयास गेलो असता त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टर, मनगट मोडले तेव्हाच माझी हाडे ठिसूळ झाली होती ना? मग मला कुणी सांगितले कसे नाही?’’ त्या ‘कुणी’मध्ये आम्हीही होतो.

उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणे, हे उतारवयात ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजेच अस्थिसौषिर्याचे ठळक चिन्ह होय. असा एक भग्न झाला की पुढील भग्नाचा संभव सुमारे दुप्पट होतो. अस्थी हे वाताचे आश्रयस्थान आणि वार्धक्य हा वातप्राबल्याचा काळ, हे आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो; परंतु मोडलेल्या मनगटासमोर त्याचे स्मरण होत नाही.

त्यानंतर अशा प्रत्येक रुग्णास आम्ही वेदनेपलीकडचे प्रश्न विचारू लागलो. उत्तरांत तीन गोष्टी पुनःपुन्हा आढळल्या.

पहिली, कारणाविषयीचे अज्ञान. ‘पडले म्हणून मोडले’ अशीच बहुतेकांची समजूत असते. हाड जुळले म्हणजे रोग गेला, असे त्यांना वाटते.

दुसरी, भीती. एका आजींनी सांगितले, ‘‘पाय चालतो, पण मन धजत नाही.’’ घरची माणसे मायेने ‘तू बस, आम्ही करतो’ म्हणतात. बसून राहिल्याने मांसधातूचे बल घटते, तोल जातो आणि पडण्याचा धोका वाढतो. पुष्कळांना वेदनेहून परावलंबन अधिक सलते. पण तपासणीच्या खोलीत त्याची वाच्यता होत नाही.

तिसरी, औषधांचा गोंधळ. आठवड्यातून एकदा घ्यावयाची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास आडवे व्हावयाचे नसते. एक बाई ती दुधाबरोबर, आम्हीच दिलेल्या प्रवाळ भस्मासह घेत होत्या. प्रवाळ, शंख, शुक्ती ही चुन्याच्या वर्गातील द्रव्ये. त्यांच्यासमवेत त्या गोळीचे शोषण नीट होत नाही. आम्ही विचारले नव्हते. रागवाल म्हणून त्यांनीही सांगितले नव्हते. दर सहा महिन्यांनी घ्यावयाचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन तर परस्पर बंद केल्यास मणक्यांचे भग्न होऊ शकतात. म्हणून ‘आमचे औषध सुरू, आता ते बंद’ असे वाक्य आपल्या तोंडून कदापि निघता कामा नये.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात भग्नसंधानास तरुणपणी एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तर वयात तिप्पट काळ सांगितला आहे. हाताच्या भग्नात रुग्णाने प्रथम मातीचा गोळा, मग सैंधवाचा खडा आणि बल आल्यावर दगड धरावा, असाही क्रम तेथे आहे. म्हणजे हाड जुळल्यावर चिकित्सा थांबत नाही. हातात बल येईपर्यंत ती चालते. हाच न्याय पायाला आणि मनालाही लावावा. आधी भिंतीच्या आधाराने चार पावले, मग काठीने अंगण, मग कुणाच्या सोबतीने देऊळ.

वैद्यबंधुभगिनींस विनंती की, पन्नाशीपुढील प्रत्येक रुग्णास ‘पूर्वी हाड मोडले होते काय, आणि कसे?’ हे विचारावे. उंची घटली असल्यास वा पाठीस पोक येत असल्यास अस्थिघनतेच्या तपासणीसाठी पाठवावे. घरातील ओली फरशी, रात्रीचा अंधार, सैल चपला यांची चौकशी करावी. सांधेदुखीवर बिनलेबलाच्या पुड्या चालू आहेत काय, तेही पाहावे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्यास तेच अस्थिक्षयाचे कारण ठरते. औषधालयाच्या मालकांनीही भस्म देताना ‘आणखी कोणती गोळी चालू आहे?’ एवढे अवश्य विचारावे.

त्या बाई आज काठी घेऊन देवळापर्यंत जातात. त्यांचा प्रश्न आम्ही आमच्या रुग्णपत्रिकेच्या पहिल्या ओळीत उतरवून घेतला आहे. तो मनगट मोडले तेव्हाच तेथे असावयास हवा होता.