मुदतबाह्य यंत्राची शहानिशा

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीवरील आपला वरदहस्त काढून घेतला, त्या दिवशी जे संगणक सकाळी सुरू होते ते संध्याकाळीही पूर्ववत सुरूच होते; आणि म्हणूनच नेमके काय घडले याचा उलगडा पुष्कळांना झाला नाही. प्रणाली बंद पडली नव्हती, वापरण्याचा परवाना रद्द झाला नव्हता. घडले होते ते एवढेच की, तिच्यात यापुढे आढळणाऱ्या दोषांची दुरुस्ती करण्याची जबाबदारी तिच्या निर्मात्याने, नाव नोंदवणाऱ्या ग्राहकांना दिलेली एका वर्षाची वाढीव मुदत वगळता, आपल्या शिरावरून उतरवून ठेवली होती. विंडोज एक्सपीच्या वाट्याला हा प्रसंग ८ एप्रिल २०१४ रोजी आला होता आणि विंडोज ७च्या वाट्याला १४ जानेवारी २०२० रोजी. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीत नाव असलेला प्रोसेसर लागतो. ही अट ज्यांना पुरी करता येत नाही असे कित्येक धडधाकट संगणक आता या निराधारांच्या वर्गात दाखल झाले आहेत.

यातही जो संगणक कोणा एका कंपनीच्या नाममुद्रेने विकला गेलेला नाही, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून एकेक सुटा भाग आणून घरच्या टेबलावर ‘असेंबल’ केलेला आहे, त्याच्या मालकाची स्थिती अधिकच विलक्षण असते. मदरबोर्ड एकाचा, प्रोसेसर दुसऱ्याचा, रॅम तिसऱ्याची, एसएमपीएस चौथ्याचा. प्रत्येकाची हमी स्वतंत्र, प्रत्येकाची मुदत निराळी, आणि तक्रार घेऊन गेल्यास प्रत्येकाचे बोट शेजाऱ्याकडे. वरची प्रणालीही मुदतबाह्य झाली, म्हणजे फिर्याद दाखल करून घेणारे कोणतेच दप्तर उरत नाही आणि तपास, पंचनामा व निवाडा ही तिन्ही कामे मालकालाच करावी लागतात.

मग मनुष्य अशा यंत्राला चिकटून का राहतो, असा प्रश्न नव्या यंत्रांच्या भक्तांना पडतो. त्याचे एक उत्तर मराठी मुद्रणव्यवसायातच सापडते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी देवनागरी अक्षरजुळणीच्या प्रत्येक कंपनीचे सांकेतिक क्रमांक वेगळे होते. त्यामुळे त्या काळी जुळवलेला मजकूर त्याच फाँटवाचून उघडला, तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची रांगोळी उमटते. ज्या पेजमेकरमध्ये ही जुळणी होत असे त्याची अखेरची आवृत्ती २००१ सालची. वीस-पंचवीस वर्षांचे दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तके आणि पतसंस्थांचे अहवाल ज्याच्या डिस्कवर या स्वरूपात साठलेले आहेत, आणि ज्याची अक्षरप्रणाली संगणकाला डोंगल नावाचे कुलूप जोडल्यावाचून उघडत नाही, त्याला जुनी प्रणाली टाकून देण्याचा सल्ला देणे सोपे आहे. त्या सल्ल्याची किंमत मात्र त्यालाच मोजावी लागते.

अशा यंत्रात बिघाड झाला की प्रथम संशय येतो तो प्रणालीवर. ती वृद्ध झाली, कुजली, तिचा काळ भरला, अशी भाषा सुरू होते, आणि दुरुस्तीला आलेला मुलगा कॅबिनेट उघडण्यापूर्वीच “विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल” असा निकाल जाहीर करतो. माझ्या मते या विषयातील सर्वांत मोठी गफलत येथेच आहे. प्रणाली म्हणजे डिस्कवर लिहिलेल्या आज्ञांचा समुच्चय. तो गंजत नाही, झिजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. त्यात कोणी फेरफार केला नसेल, तर तो स्थापनेच्या दिवशी होता तसाच आजही असतो. बिघडतात त्या दोनच गोष्टी: ज्या जड वस्तूंवर तो उभा आहे त्या, आणि ज्या बाह्य जगाशी त्याला व्यवहार करावा लागतो ते. म्हणून मुदतबाह्य यंत्राच्या चौकशीचा पहिला प्रश्न ‘प्रणाली किती जुनी?’ हा नसून ‘काल आणि आज यांच्या दरम्यान बदलले काय?’ हा असावा.

याचा एक दाखला किंचित विस्ताराने देण्याजोगा आहे. परिचयाच्या एका लहान मुद्रणालयात विंडोज ७वर चालणारा, जोडणीचा संगणक दिवाळीच्या सुटीनंतर उघडला तो उठेचना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत काही ओळी आल्या, ऑपरेटरने नित्याच्या सवयीने एफ-१ ची कळ दाबून त्यांना वाटेला लावले, विंडोजची मुद्रा क्षणभर झळकली, निळा पडदा डोळ्यांपुढून सरकला आणि यंत्र पुन्हा आरंभापासून सुरू झाले. हे चक्र अखंड चालू राहिले. फॉरमॅटचा निकाल अर्थातच लागलेला होता. मालकांनी हताशपणे विचारले, “अहो, पण पेजमेकर परत बसेल ना?” त्या प्रश्नाला उत्तर देण्याच्या भरीस कोणी पडले नाही.

वस्तुतः सर्व कैफियत त्या वाटेला लावलेल्या ओळींतच होती. ‘सीमॉस चेकसम एरर’ असे शब्द त्यांत होते, आणि मूळ सेटिंग्ज पुन्हा लागू केल्याची सूचना त्यांखाली होती. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सीआर २०३२ जातीचा एक सेल बसवलेला असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे आणि मालकाने केलेल्या निवडी स्मरणात ठेवणे ही त्याची कामे. भिंतीवरचे बटन चालू असेपर्यंत संगणक बंद असला तरी एसएमपीएसमधून बोर्डाला थोडी वीज मिळत राहते, म्हणून संपत आलेला सेल कित्येक महिने उघडकीस येत नाही. दुकान बंद करताना सर्व बटने बंद करण्याची आपल्याकडची वहिवाट मात्र त्याचे बिंग फोडते. सुटीत घड्याळ १ जानेवारी २००९ वर जाऊन बसले होते, आणि त्याबरोबर आणखी एक निवड पुसली गेली होती. डिस्कशी बोलण्याच्या आयडीई आणि एएचसीआय अशा दोन पद्धती आहेत. विंडोज बसवणाऱ्याने पूर्वी आयडीई निवडली होती, बोर्डाची मूळ निवड एएचसीआय होती. आयडीईच्या भरवशावर स्थापन झालेल्या विंडोज ७ने एएचसीआयचा दुभाषा सुरुवातीपासून जागा ठेवलेला नसतो. त्यामुळे प्रणालीला स्वतःचीच डिस्क दिसेनाशी होते आणि ती ‘७बी’ या क्रमांकाचा निळा पडदा दाखवून थांबते. आरंभी एफ-८ दाबून आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय बंद केली, तेव्हा तो क्रमांक स्थिरपणे वाचता आला. किरकोळ किमतीचा नवा सेल बसला, बायोसमध्ये आयडीई पूर्ववत केली, तारीख दुरुस्त केली, आणि अडलेले काम दुपारपर्यंत मार्गी लागले. फॉरमॅट झाला असता तर प्रणाली बसली असतीही. पण जुन्या सॉफ्टवेअरच्या सीडी, बोर्डाच्या निर्मात्याने संकेतस्थळावरून केव्हाच उतरवलेले ड्रायव्हर आणि डोंगलचा ड्रायव्हर यांची जुळवाजुळव कोणी केली असती?

जड वस्तूंच्या तपासणीत क्रमाला महत्त्व आहे, आणि तो क्रम विजेपासून सुरू होतो. एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या तारेवर मल्टिमीटरने ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यानचा आकडा मिळाला पाहिजे, कारण एटीएक्स या मानकाने दोन्ही बाजूंना पाच टक्क्यांचीच सूट दिलेली आहे. आणि ही मोजणी यंत्र कामात असताना करावी, रिकामे असताना नव्हे, कारण खंगलेला एसएमपीएस विश्रांतीच्या वेळी मोठा सज्जन असतो. बोर्डावरील कपॅसिटरांचे माथे सपाट असावेत. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रावणाचे कपॅसिटर मोठ्या प्रमाणावर बाजारात शिरले होते आणि त्या काळच्या असंख्य बोर्डांचा अंत फुगलेल्या माथ्यांनी झाला. पुढे घन पॉलिमरच्या कपॅसिटरांनी हा प्रकार पुष्कळसा आटोक्यात आणला. आपल्याकडील पावसाळी दमटपणा आणि धूळ यांनी रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर चढणारा थर साध्या खोडरबराने पुसण्याचा जो उपाय प्रत्येक दुरुस्तीवाला करतो, त्याला अडाणीपणा समजून हसण्याचे कारण नाही. हलक्या हाताने केल्यास तो गुण देतो. फरक इतकाच की, त्यानंतर मेमटेस्ट८६+ सारखा तपासणी-कार्यक्रम रात्रभर चालवून खातरजमा करणारे थोडे. भिंतीतल्या प्लगचे अर्थिंग धड आहे की नाही, हे पाहणारे त्याहूनही थोडे.

दोष जड देहात आहे की प्रणालीत, याचा निवाडा करणारी एक अत्यंत सुंदर कसोटी उपलब्ध आहे आणि तिला पैसा पडत नाही. हार्ड डिस्कला स्पर्श न करता केवळ पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्सची आवृत्ती त्या यंत्रावर काही तास चालवावी. तेथेही यंत्र अचानक बंद पडत असेल, तर विंडोज निर्दोष मुक्त होते; आणि तेथे ते निर्वेधपणे चालले, तर संशयाचे क्षेत्र डिस्क आणि तिच्यावरील मजकूर एवढ्यापुरते आकुंचित होते. डिस्क स्वतःच्या आरोग्याची ‘स्मार्ट’ नावाची नोंदवही ठेवीत असते. तिच्यात बदली दिलेल्या आणि बदलीच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचे आकडे वाढत असतील, तर प्रथम क्लोनझिलासारख्या साधनाने डिस्कची संपूर्ण प्रतिमा अन्यत्र उतरवून घ्यावी, आणि मगच पुढचा विचार करावा. परंतु हे आकडे शून्य असून सीआरसी चुकांचा आकडा तेवढा वाढत असेल, तर बहुधा अपराधी डिस्क नसून तिला जोडणारी साटा केबल असते. तेवढ्या केबलपायी चांगल्या डिस्का भंगारात गेल्याची उदाहरणे या धंद्यातील कोणीही सांगेल.

आता बाह्य जगाकडे वळू. येथे प्रणाली जागच्या जागी राहिलेली असते आणि जग पुढे निघून गेलेले असते. विंडोज एक्सपीतील अंगभूत ब्राउझरला टीएलएस १.२ ही सांकेतिक बोली येत नाही; संकेतस्थळांनी जुन्या बोली बंद केल्यावर त्याच्यापुढे बहुतेक दारे लागली, यात एक्सपी बिघडले असे म्हणता येत नाही. क्रोमने १०९ या आवृत्तीनंतर विंडोज ७ची साथ सोडली. सुरक्षित संकेतस्थळे आपल्या सत्यतेची जी प्रमाणपत्रे दाखवतात त्यांना आरंभाची आणि समाप्तीची तारीख असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचा आधार असलेले एक जुने मूळ प्रमाणपत्र संपुष्टात आले, तेव्हा नवे मूळ प्रमाणपत्र न मिळालेली जुनी उपकरणे अनेक स्थळांपासून तुटली. मात्र ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ असा इशारा एकाएकी सर्वच स्थळांसाठी येऊ लागला, तर प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. घड्याळ २००९ सालात असेल, तर आजची सर्व प्रमाणपत्रे त्या यंत्राच्या हिशेबी अद्याप जन्माला यायची असतात.

उलट दिशेनेही हाच विसंवाद होतो. जुन्या प्रणालीसाठी नवा बोर्ड घ्यावा, तर २०१५ नंतरच्या इंटेलच्या अनेक बोर्डांवर विंडोज ७ची स्थापना पहिल्याच पायरीवर अडते, कारण तेथे सर्व यूएसबी दारे नव्या नियंत्रकाच्या ताब्यात गेलेली असतात आणि विंडोज ७च्या मूळ डिस्कमध्ये त्या नियंत्रकाचा ड्रायव्हरच नसतो. कीबोर्ड आणि माऊस समोर असून निश्चल पडतात. अशा वेळी गोल पिनांचा जुना पीएस/२ कीबोर्ड अडगळीतून बाहेर काढणे, किंवा तो ड्रायव्हर आधीच स्थापनेच्या प्रतीत मिसळून घेणे, एवढाच मार्ग उरतो.

सुरक्षेच्या प्रश्नाला मात्र खोडरबर नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालये त्याने विस्कळीत केली. त्याने ज्या दोषातून प्रवेश केला त्याची दुरुस्ती चालू प्रणालींसाठी मार्चमध्येच दिली गेली होती. प्रसंग ओढवल्यावर मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून मुदतबाह्य एक्सपीसाठीही ती खुली केली. अशा अपवादावर विसंबून व्यवहार करणे शहाणपणाचे नव्हे. जुन्या यंत्राला इंटरनेटपासून तोडावे, नेटवर्कची तार काढावी, पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावर तपासून मगच लावावा. बँकेचे काम त्यावर करणाऱ्याला उपदेश करण्याचे काही कारण नाही, बँकेचे विवरणपत्रच तो करील.

आणि बोर्डच एके दिवशी गतप्राण झाला तर? त्यापूर्वी, यंत्र हिंडते-फिरते असतानाच, डिस्क२व्हीएचडी या मायक्रोसॉफ्टच्याच छोट्या साधनाने चालत्या विंडोज ७ची संपूर्ण डिस्क एका फायलीत उतरवता येते, आणि ती फाइल व्हर्च्युअलबॉक्समध्ये जोडून नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक चालवता येतो. जोडताना डिस्कचा नियंत्रक आयडीई ठेवावा, नाहीतर तोच ७बी तेथेही उभा राहतो. विंडोज नव्याने ॲक्टिव्हेशन मागण्याचा संभव असतो, म्हणून परवान्याची किल्ली हाताशी असावी. यूएसबीचे डोंगल बहुधा या कल्पित यंत्राकडे सोपवता येते. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात बसणारे डोंगल मात्र नव्या संगणकांना जोडायलाच जागा नसते. ज्याचे कुलूप त्या जातीचे आहे, त्याने ते पोर्ट असलेला एखादा जुना बोर्ड चालू स्थितीत मिळेल तेव्हा घेऊन ठेवावा. आणि घेताना त्याचे कपॅसिटर तेवढे उजेडात धरून पाहावेत.