शिवणकामातही घरची मजुरी धरा

भगिनींनो, पिकाचा खर्च मांडताना घरची मजुरी धरा, असे मी शेतकरी बंधूंना वर्षानुवर्षे सांगत आलो. स्वतःच्या घरी मात्र हा धडा उशिराच गिरवला.

आमच्याकडे शिवणयंत्र आले आणि सौभाग्यवतींनी लग्नसराईत अस्तराचे बारा ब्लाऊज शिवले. पहिल्याच धुण्यात अस्तर आटले, शिवणीला चुण्या पडल्या. सगळे उसवून पुन्हा शिवण्यात कमाई गेली.

म्हणून सुती अस्तर आधी पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मगच बेता. कापडाचा ताणा उभा धरा, नाहीतर कपडा अंगावर ओघळतो. बाजूच्या शिवणीत इंचभर माया सोडा. पुढे अंग भरले तर ब्लाऊज सैल करता येतो. पातळ कापडाला ११ नंबरची सुई, साध्या सुतीला १४ आणि जाड कापडाला १६ नंबरची लावा.

आता हिशेब. कापड गिऱ्हाइकाचे, पण अस्तर, दोरा, हुक, वीज तुमची. वहीत प्रत्येक कपड्यापुढे खर्च, लागलेले तास आणि आलेले पैसे लिहा. खर्च वजा जाता तासाला शेतमजुरीइतकेही पडत नसेल, तर शिलाई वाढवा. अस्तराचे पैसे आगाऊ घ्या, उधारीचे पान वेगळे ठेवा.

२०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचाही समावेश आहे. पात्र कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. ग्रामपंचायतीत चौकशी करा.

फावल्या वेळचे काम म्हणून ते फुकटचे समजू नका. रानातल्या घामाला मजुरी आहे, तशी यंत्रावरच्या पाठदुखीलाही हवी.