तळ्यातली गोगलगाय आणि पर्णकृमी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पर्णकृमी हे पानासारखे चपटे परजीवी. प्रौढपणी ते जनावराच्या यकृतात, पोटात किंवा रक्तवाहिन्यांत राहतात. पण वाढीचा मधला टप्पा गोड्या पाण्यातील गोगलगायीत पार पडल्याशिवाय त्यांचे जीवनचक्र पुरे होत नाही. छत्तीसगडच्या मैदानात या चक्राला लागणारे सारे एका जागी असते. भिलाईच्या वसाहतीत नळाला पाणी येते, पण दुर्ग जिल्ह्यातील गावांत ‘निस्तारी’, म्हणजे गावाच्या रोजच्या वापराचे, तलाव अजून वापरात आहेत. त्याच पाण्यात माणसे आंघोळ करतात, कपडे धुतात, म्हशी डुंबतात, आणि लगतच भाताची खाचरे असतात.

गोगलगाय रोग निर्माण करते, तिला हात लागला तरी बाधा होते, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. वास्तविक ती स्वतःच रोगी असते. बाधित जनावराच्या शेणातून अंडी पाण्यात पडतात, त्यांतून निघालेला सूक्ष्म डिंभक गोगलगायीच्या अंगात शिरतो आणि तिथे एकाचे शेकडो होतात. या ओझ्याने तिची अंडी घालण्याची क्षमता खचते, आयुष्यही घटते. शिवाय प्रत्येक गोगलगाय प्रत्येक कृमीला चालत नाही. यकृतातील फॅसिओला जायगँटिका लिम्निया गटातील पातळ शंखाच्या गोगलगायी निवडतो. गुरांच्या रक्तातील शिस्टोसोमा स्पिंडेल आणि शिस्टोसोमा इंडिकम यांना चकतीसारख्या वेटोळ्याची इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस लागते. तलावातल्या बहुतेक गोगलगायींत यांपैकी काहीच नसते.

पाणी उकळून प्यायले की धोका टळला, असेही मानले जाते. यकृतकृमीच्या बाबतीत गुरांना बाधा मुख्यतः चाऱ्यातून होते. गोगलगायीतून बाहेर पडलेले डिंभक गवताच्या आणि भाताच्या पाण्यालगतच्या भागाला चिकटून कवच धरतात, आणि जनावर ते चाऱ्याबरोबर गिळते. म्हणून खाचरातला ओला, बुडाकडचा पेंढा धोक्याचा. कडक उन्हात नीट वाळवलेला बराच सुरक्षित. शिस्टोसोमाची तऱ्हा निराळी. त्याचे दुशेपटी डिंभक कातडीतूनच आत शिरतात, त्यामुळे उकळलेले पाणी पिणाऱ्यालाही तलावात उतरल्यावर ते गाठू शकतात.

तलावात उतरलेल्यांच्या पायांना सुटणारी खाज घाण पाण्याची किंवा रसायनांची म्हणून सोडून दिली जाते. मध्य भारतात हिला नुसते ‘खुजली’ म्हणतात. अनेकदा ती गुरांच्या किंवा पाणपक्ष्यांच्या शिस्टोसोमाच्या डिंभकांमुळे होते. माणूस त्यांचा खरा यजमान नसल्याने ते कातडीतच मरतात, पण त्यांच्याविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया लाल पुरळ आणि तीव्र खाज आणते. गुडघाभर पाण्यात तासन्‌तास राबणाऱ्याला हा त्रास वारंवार होतो. त्याला क्षुल्लक म्हणणे अन्यायाचे आहे.

‘माणसाचा शिस्टोसोमा आफ्रिकेत, भारतात नाही’ हे विधानही अपुरे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात गिमवी गावी मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाची स्थानिक लागण गाडगीळ आणि शाह यांनी 1952 मध्ये नोंदवली. तिथे फेरिसिया टेन्युइस ही इवलीशी, टोपीसारख्या शंखाची गोगलगाय मधली यजमान ठरली. पुढे तो प्रादुर्भाव आटोक्यात आला, तरी भारतीय गोगलगायी अशा कृमीला मुळीच थारा देत नाहीत, हा समज त्याने खोटा ठरवला.

उन्हाळ्यात तलाव आटला की चक्र तुटते, ही आशाही फसवी. इंडोप्लॅनॉर्बिस चिखलात निपचित राहून कोरडा काळ काढते आणि पावसाबरोबर पुन्हा वाढते. मोरचूद टाकून सगळ्या गोगलगायी मारण्याच्या उपायात मासे आणि इतर जलचर मरतात, आणि उरलेल्या थोड्या गोगलगायी लवकरच संख्या भरून काढतात. शेण तलावापासून दूर ठेवून खड्ड्यात कुजवणे आणि गुरांना वेगळ्या हौदात पाणी पाजणे हे कष्टाचे काम आहे, पण ते चक्राच्या मुळावर येते.

कोणतेही जंताचे औषध चालते, हा गैरसमज पशुपालकाला सर्वांत महागात पडतो. गोलकृमींवरची कित्येक औषधे पर्णकृमींना शिवतही नाहीत. ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः प्रौढ यकृतकृमी मारते. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्यांवरही चालते. शिस्टोसोमासाठी प्राझिक्वान्टेल लागते. जनावर खंगले, दूध घटले किंवा जबड्याखाली पाणी भरले, तर औषध विकत घेण्याआधी पशुवैद्यकाकडून शेण तपासून घ्यावे. यकृतकृमी अंडी घालू लागायला सुमारे तीन महिने घेतो, म्हणून पहिल्या तपासणीत अंडी दिसली नाहीत तरी लक्षणे असलेल्या जनावराची तपासणी पुन्हा करावी.