गहू बीटीचा नसतो, आणि बियाणं दरवर्षी विकतचं लागत नाही

सोयाबीन निघालं की चांदूर बाजार तालुक्यात ओलिताची वावरं गव्हा-हरभऱ्याला मोकळी होतात. कपाशीची सवय झालेल्या आपल्या भागात तेव्हा दोन समज हमखास कानावर येतात. सुधारित गहू बीटीसारखाच असतो, आणि त्याचं बियाणं दरवर्षी नवीनच घ्यावं लागतं.

दोन्ही चूक. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. जनुकीय परिवर्तित गव्हाच्या एकाही वाणाला भारतात लागवडीची परवानगी नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे ‘पूर्णा’, ‘विमल’ हे वाण संकर आणि निवडीतून आलेले आहेत. हे काम डोळ्यांत तेल घालून करायचं असतं. ओंबी फुलण्याआधी चिमट्यानं प्रत्येक फुलातले तीनही परागकोष अलगद काढायचे, ओंबीला कागदी पिशवी घालायची, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर टाकायचे. पुढच्या प्रत्येक पिढीत तांबेरा न आलेली, दाणा चांगला भरलेली झाडं निवडत जायचं. वाण एकसारखा होऊन शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत दहाएक वर्षं सहज जातात.

असा वाण एकदा स्थिर झाला की तो आपला गुण सोडत नाही, कारण गहू स्वपरागसिंचित आहे. म्हणून घरचं बियाणं बिनधास्त राखा; २००१ चा वाण संरक्षण कायदाही तो हक्क देतो. फक्त भेसळीच्या ओंब्या उपटा आणि तीन-चार वर्षांनी बियाणं बदला.

तिसरा समज सर्वांत महागात पडतो: वाण चांगला असला की पेरणी कधीही चालते. दाणा भरताना फेब्रुवारी-मार्चचं ऊन लागलं की तो चिमतो. १५ नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उतारा घटतो. कपाशी उपटून डिसेंबरात पेरायचंच असेल तर ‘एकेएडब्ल्यू ४६२७’सारखा उशिराचा वाण घ्या, हेक्टरी १०० ते १२५ ऐवजी १२५ ते १५० किलो बियाणं वापरा आणि ओळीतलं अंतर साडेबावीसवरून १८ सेंटीमीटरवर आणा.

पाण्याचंही तसंच, जास्त म्हणजे चांगलं नव्हे. एकच पाणी असेल तर ते ४०-४२ व्या दिवशी द्या. दोन असतील तर पहिलं २०-२२ व्या आणि दुसरं ६०-६५ व्या दिवशी.